गटाने चालायला ठाण्यातलं कुठलं तळं? कचराळी, तलावपाळी की उपवन

सोसायटीचा किंवा ज्येष्ठ नागरिकांचा पंधरा-वीस जणांचा गट असेल, तर पाचपाखाडीतला कचराळी तलाव घ्या. उपवन दिसायला कितीतरी सरस आहे, पण गटाचं गाडं अडतं ते वेगावर. ताशी सहा आणि ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्यांत पाऊण तासात दीड किलोमीटरचं अंतर पडतं. सरळ रस्त्यावर मागचे एकटे पडतात आणि पुढच्या रविवारी येतच नाहीत. महापालिका मुख्यालयाजवळच्या या तळ्याची फेरी लहान. झपाझप चालणारे मागून येऊन पुन्हा गाठतात, आजी दमल्या तर बसून पुढच्या फेरीत सामील होतात.

लहान फेरीचा तोटा एकच. झाडांखाली आणि वळणांवर मोबाइलचं जीपीएस कोपरे कापतं, अंतर कमी भरतं आणि चहाच्या टपरीवर वाद होतो. अंतर सोडा, मिनिटं धरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. चालण्यात तो वेग म्हणजे मिनिटाला साधारण 100 पावलं. गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. दहा हजार पावलांचा आकडा मुळात 1965 च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतला, तेव्हा त्यावरून कुणाला ओशाळायला लावू नका.

तलावपाळी जमायला सोयीची. स्टेशन जवळ, गडकरी रंगायतनाची खूण कुणालाही सांगता येते. पण सकाळी सातच्या आतच. संध्याकाळी बोटिंगची गर्दी आणि खाण्याच्या गाड्या. दर दहा पावलांनी चाल तुटते. पाडव्याच्या स्वागतयात्रेत तसं रेंगाळण्यातच मजा असते, व्यायामात नाही.

कुठलंही तळं घ्या, पेव्हर ब्लॉककडे लक्ष हवं. ठोकळ्याखालची रेती पावसाने वाहून गेली की एक बाजू खचते, शेजारच्याची कड अर्धा इंच वर राहते. पाय घासत चालणाऱ्याचा चवडा नेमका तिथे अडतो. गटप्रमुखाने आधी एक फेरी मारून अशा जागा खडूने खुणावाव्यात. पावसाळ्यात सावलीतल्या ठोकळ्यांवर शेवाळ धरतं. तिथे पावलं आखूड टाका, वळताना वेग कमी करा. तळ गुळगुळीत झालेले बूट जूनआधीच बदला.

उपवन रोज चालणाऱ्यांसाठी. येऊरच्या पायथ्याची गार हवा, आणि दम असेल तर पुढे चढाचा रस्ता. चढताना छाती भरते, उतरताना गुडघे बोलतात. गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच तळ्याकाठी थांबावं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, बिबट्याचा वावर आहे, म्हणून चांगलं उजाडल्याशिवाय वर जायचं नाही. गटाच्या शेवटी एक जाणता माणूस ठेवा, त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये.

आणि साडेसहा ठरलंय ना, मग साडेसहालाच निघा. उशिरा येणारा कचराळीला फेरीत कुठेही मिळतो; उपवनला मात्र फोनाफोनी करत सगळे ताटकळतात.