करोडपतीच्या ऑडिशनचा कॉल आला तर आधी हे वाचा

मंडळी, लाज वाटत होती म्हणून हे लिहायला तीन आठवडे लागले, पण काल आमच्याच गल्लीतल्या एका पोराला, मला आला होता तसाच फसवणुकीचा कॉल आला म्हणून लिहितोय.

बार्शीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जीकेचा नाद शाळेपासूनच. 2000 साली कौन बनेगा करोडपतीत हर्षवर्धन नवाथेने 1 कोटी जिंकले तेव्हापासून हॉट सीट डोक्यात बसलीय, आणि 2019 ला अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, 1 कोटी जिंकल्या तेव्हा वाटलं आपल्यालाही जमेल. वह्याच्या वह्या भरल्यात, रजिस्ट्रेशनही करत आलोय.

तर दुपारी कॉल. "सर, कोण होणार करोडपतीसाठी तुमचं सिलेक्शन झालंय, आता टेलिफोनिक राउंड घेते." बाई एकदम गोड बोलणारी, मागे ऑफिससारखा गलका. चार प्रश्न विचारले, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण असले. एवढे सोपे प्रश्न कोण विचारतं? पण उत्तरं बरोबर आली की माणूस हवेत जातो, तसा मी गेलो.

व्हॉट्सॲपवर पत्र आलं, लोगो, गोल शिक्का, सही सगळं. मी त्याची कलर प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि काउंटरच्या काचेखाली ठेवली. त्यात वरच मोठ्या अक्षरात "हार्दीक अभीनंदन" लिहिलेलं, दिवसभर लोकांच्या अर्जातल्या चुका दाखवणारा मी, मला ते दिसलं नाही.

आधी 1,850 फाइल चार्ज. मग मुंबईच्या हॉटेलचं डिपॉझिट 8,500, परत मिळणार म्हणे. आधार, पॅनचे फोटो पण दिले. मग म्हणाले फास्टेस्ट फिंगरला बसलात की 1 लाख फिक्स, त्याचा 30 टक्के टॅक्स आधी भरा. आता बक्षिसावर 30 टक्के टॅक्स असतो हे मला वहीतून पाठ होतं, म्हणून उलट जास्तच खरं वाटलं आणि 30,000 टाकले, तेही एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. टोटल 40,350.

मग सोबत येणाऱ्याचा इन्शुरन्स म्हणून 12,000 मागितले तेव्हा बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एफडीचं व्याज पण बँक टॅक्स कापूनच देते, हे आधी कसे मागतात?" झालं, पायाखालची जमीन सरकली. टीडीएस, म्हणजे हा टॅक्स, बक्षीस देणारा कापतो आणि उरलेलं आपल्याला देतो, आणि खऱ्या शोमध्ये निवडीसाठी एक रुपया पण मागत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक पुढची. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, म्हणजे पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात. मी कुणाला काय सांगू म्हणून दोन दिवस गप्प बसलो. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांत जाऊन काढून पण झाले होते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार आहे, अजून एक रुपया आलेला नाही. त्यात आधार-पॅन त्यांच्याकडे, म्हणून सिबिल रिपोर्ट काढून कुठलं नवीन लोन दिसतंय का ते बघत असतो.

ते पत्र काचेखालून काढलं नाही. कुणाला असलं पत्र आलं असेल तर दुकानात या, शेजारी ठेवून ताडून बघू, पैसे टाकायच्या आधी मात्र.