घरात सगळ्यांना सांगावं की मोजक्यांनाच?

आपण एसेक्शुअल आहोत, म्हणजे आपल्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा फारच कमी वाटतं, हे तुमचं तुम्हाला नीट कळलंय, असं धरून चालतो. आता मार्ग दोन. घरात एकदाच सगळ्यांना सांगून टाकायचं, किंवा एखादं भावंड, एखादा मित्र आणि लग्नाचा विषय निघालाच तर समोरची व्यक्ती, एवढ्यांनाच.

पहिल्याचा फायदा उघड आहे. सगळं सुरळीत झालं तर स्थळं येणं थांबतं, दर दिवाळीचं "यंदा तरी उरकून टाक" थांबतं. पण आमच्याकडे ते क्वचितच इतकं सरळ होतं. आधी "लग्न झालं की होईल सगळं", मग थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन अशा हार्मोनच्या तपासण्या. मला सगळ्यात जाचलं ते इथेच. रिपोर्ट नॉर्मल आले की सुटका होत नाही, उलट तोच रिपोर्ट पुढे करून "मग अडचण काय आहे?" सुरू होतं. तोवर बातमी आईकडून मावशीकडे गेलेली असते आणि मावशीचा एक डॉक्टर असतोच. जावंच लागलं, तर २०१३ च्या डीएसएम-५ मधली (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेतली) तरतूद माहीत असू द्या: स्वतःला एसेक्शुअल मानणाऱ्याला निव्वळ कामेच्छा नाही म्हणून आजाराचं लेबल लावू नये, असं तिथे स्पष्ट आहे.

मोजक्यांना सांगण्यात एकटेपणा थोडा उरतो, हे खरं. पण कुणाला काय ठाऊक आहे, हे आपल्या हातात राहतं.

स्थळाच्या बाबतीत मात्र निवड नाही. साखरपुड्याआधी, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, आईवडील शेजारी नसताना सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, स्क्रीनशॉट फिरतात. शरीरसंबंध, मूल आणि जवळीक, तिन्हींबद्दल वेगवेगळं बोला. "मला फारसा रस नाही" एवढ्यावर सोडलंत तर समोरचा त्याला लाजाळूपणा समजतो. नकार आलाच तर मध्यस्थाला काय सांगायचं ते दोघांनी तिथेच ठरवावं. "पत्रिका जुळली नाही" म्हटलं की सहसा कुणी पुढे खोदत नाही. हे लपवून लग्न केलं, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणुकीचा दावा होऊ शकतो. शिवाय शरीरसंबंधांना दीर्घकाळ एकतर्फी नकार देणं मानसिक क्रौर्य ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे.

स्वतःची कमाई, वेगळं घर आणि ऐकून घेणारे आईवडील असतील, तर पहिला मार्गही वाईट नाही. फी किंवा भाडं घरून येत असेल, तर थोडं थांबलेलं बरं. आणि घरी सांगायचंच ठरलं, तर भावंडाला आठवडाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या रात्रीचे प्रश्न एकट्यावर येत नाहीत.