शाहू स्टेडियम की खासबाग: कोल्हापुरात खेळ कुठं बघायचा?

बदली होऊन कोल्हापुरात आलेला नोकरदार असो की विद्यापीठात शिकायला आलेला पोरगा, थंडी सुरू झाली की तो एकदा तरी विचारतोच: इथं फुटबॉल बघावा की कुस्ती? शहराच्या नावाचा आयपीएलचा संघ नाही, देशपातळीवरच्या फुटबॉल लीगमध्ये आपला क्लब नाही, तरी भर दुपारी दुकानं नोकरांवर सोपवून माणसं मैदानाकडं निघालेली दिसतात. मग जायचं कुठं?

माझं उत्तर आधीच सांगतो. इथं राहायला आला असाल तर शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल धरा. दोन-चार दिवसांसाठी आला असाल आणि नेमकं त्याच दिवसांत खासबागेत, म्हणजे कुस्तीच्या जुन्या आखाड्यात, कुस्त्यांचं मैदान लागलं असेल, तर दुसरा कसलाही विचार करू नका. अंबाबाईचं दर्शन पहाटे उरका आणि दुपारी मैदान गाठा.

दोन्ही खेळांचं मूळ एकच आहे, हे नवख्या माणसाला पटकन उमगत नाही. फुटबॉल संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. बाहेरचा माणूस बुचकळ्यात पडतो, हे पैलवान की फुटबॉलपटू? कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, ती पेठेची बैठक असते. तिथं गणपती बसतो, मोहरमचा पंजाही बसतो, निवडणुकीची गणितं मांडली जातात आणि कुणाच्या घरी अडचण आली तर पहिली माणसं तिथूनच धावतात. राजर्षी शाहूंच्या काळात याच तालमींनी पैलवान घडवले. पुढं त्याच कट्ट्यांवरच्या पोरांनी फुटबॉल पायाशी घेतला. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, आजही इथला फुटबॉल चालवते आणि तिचं नेतृत्व छत्रपती घराण्याकडं आहे. दोन्ही खेळांना राजाश्रय मिळाला, दोन्ही पेठांनी वाढवले. त्यामुळं एकाला उच्च आणि दुसऱ्याला दुय्यम ठरवायचं कारणच नाही. बघणाऱ्याकडून मात्र दोघांची मागणी वेगवेगळी आहे.

आधी जागा बघू. इथं खासबाग सरळ वरचढ ठरते. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन गोल क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसंच काही आपल्या पैलवानांसाठी हवं हे मनावर घेतलं. १९०७ मध्ये काम सुरू झालं, १९१२ मध्ये मैदान खुलं झालं. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, त्याच्या भोवती मोकळी जागा आणि मग चारी बाजूंनी गोलाकार चढत गेलेली बसायची जागा. मध्ये एक खांब नाही. हजारो माणसं बसली तरी शेवटच्या ओळीतल्या माणसाला पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. शंभर वर्षांपूर्वी, ना पडदा ना लाऊडस्पीकर अशा काळात, सामान्य प्रेक्षकाचा इतका विचार करून बांधलेलं मैदान बघून शाहू महाराजांबद्दलचा आदर आणखी वाढतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि तिची झळ मैदानाच्या बाजूलाही बसली. त्या रात्री अख्खं शहर हळहळत रस्त्यावर उभं होतं. म्हणून खासबागेचा बेत आखण्याआधी मैदान तिथंच भरणार आहे ना, एवढं विचारून घ्या.

शाहू स्टेडियमला असली बांधणी नाही. खऱ्या गवताचं मैदान, उघड्या पायऱ्यांची प्रेक्षागॅलरी, आणि तीही जुन्या शहराच्या कुशीत. बिगारी कामावरून सुटलेला माणूस, कॉलेज बुडवून आलेली पोरं, निवृत्त शिक्षक, सगळे एकाच पायरीवर. जानेवारी २०२३ मध्ये संतोष ट्रॉफीचे गटसामने इथं झाले तेव्हा पश्चिम बंगालसारख्या मातब्बर संघाचा खेळ बघायची संधी याच पायऱ्यांवरून मिळाली. दुपारच्या सामन्याला टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका. ऊन पाठीवर येईल अशी बाजू धरा.

आता भरवशाचा मुद्दा, आणि इथं पारडं पूर्ण उलटं झुकतं. फुटबॉलचा मोसम ठरलेला. पावसाळा सरला, मैदान तयार झालं, खेळाडूंची नोंदणी आटोपली की साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात केएसएची वरिष्ठ गटाची लीग सुरू होते. सोळा संघ. लीग संपली की वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा लागतात, त्या उन्हाळ्यापर्यंत चालतात. बऱ्याचदा दिवसाला दोन सामने, आणि कुणाचा कुणाशी हे सकाळच्या पेपरात. कुस्तीचं तसं नाही. खासबागेत मैदान कधी लागेल हे आयोजकावर, देणगीदारावर आणि पैलवानांच्या जोडी ठरण्यावर अवलंबून. चौकाचौकांत पैलवानांचे फोटो असलेले फलक लागले की समजायचं. तारीख हुकली तर पुढच्या मैदानाची वाट बघायची, नाहीतर गाडी काढून गावोगावच्या जत्रांची मैदानं गाठायची. वारणानगरचं डिसेंबरातलं मैदान त्यात मोठं, आणि त्यासाठी सांगली-साताऱ्याकडूनही शौकीन येतात.

प्रत्यक्ष बघायला काय मिळतं? कुस्तीच्या मैदानाला मुख्य कुस्तीच्या वेळेला जाणारे फार मोठ्या गोष्टीला मुकतात. दुपारीच जा. हौद्यातली तांबडी माती ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मुरवलेली असते, तिचा वास आधी येतो. मग पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. दहा-बारा वर्षांचा पोरगा समोरच्याच्या अंगावर माती टाकतो, हात मिळवतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली घुसून पट काढतो. पाठ लागली की हलगी कडाडते. जिंकलेला पोरगा लंगोटावरच प्रेक्षकांपुढून फेरी मारतो आणि कुणी दहाची, कुणी पन्नासची नोट त्याच्या हातात ठेवतं. त्या पैशातून त्याचा खुराक येतो. बक्षिसाची रक्कम फलकावर छापतात, पण तालमीतल्या पोराचा बदाम-दुधाचा खर्च शौकिनांच्या अशा हातांनीही उचललेला असतो. मोठ्या कुस्तीत आधी खडाखडी चालते: मान धरायची, हात झटकायचा, समोरच्याचा दम जोखायचा. नवख्याला वाटतं काहीच होत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याकडं बघा. त्याचे खांदे पैलवानाबरोबर हलत असतात. "आता घिस्सा मारतोय बघ," असं तो पुटपुटतो, आणि पुढच्या क्षणी तसंच होतं. ढाक, एकलंगी, घुटना, कलाजंग हे डाव असल्या माणसाशेजारी बसूनच शिकावेत.

त्यांच्या तोंडून इतिहासही ऐकायला मिळतो. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्यपदक, शाहूपुरी तालमीच्या श्रीपती खंचनाळेंनी १९५९ मध्ये मिळवलेला पहिला हिंदकेसरी किताब, पाठोपाठ १९६० मध्ये मोतीबागेचे गणपतराव आंदळकर. ही नावं इथं घरच्या माणसांसारखी घेतली जातात.

कुस्तीची उणी बाजूही सांगायला हवी. सत्कार लांबतात. व्यासपीठावरचे पाहुणे, फेटे, नारळ, भाषणं यात तास जातो आणि हौद्याशेजारी अंग गरम करून उभा असलेला पैलवान थंड पडतो. पैलवानाचा असा अपमान करू नये, असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे ज्या कुस्तीसाठी एवढा वेळ बसलो ती कधी अर्ध्या मिनिटात निकाली होते, कधी पंच ती बरोबरीत सोडवतात. निकालाचीच ओढ असेल तर हा धोका पत्करूनच जा.

फुटबॉलमध्ये बाद फेरीत निकाल लागतोच, आणि टायब्रेकरपर्यंत गेलेला सामना म्हणजे काटाकिर्र. पण खरी गोडी ओळखीत आहे. ज्याला तुम्ही दुपारी आघाडीला पळताना बघता तो संध्याकाळी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर उभा असतो. त्याने डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, चुकवलेला पास रात्री कट्ट्यावर त्याला ऐकवला जातो आणि जिंकून दिलेला सामनाही त्याच कट्ट्यावर साजरा होतो. अलीकडं संघ बाहेरगावचे आणि आफ्रिकेतले खेळाडूही आणतात, त्याने वेग वाढला. तरी माझं मत आहे की पेठेच्या पोरांना जागा राहिली पाहिजे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. असली पोरं गॅलरीत बसून नाही, मैदानावर उतरूनच पुढं येतात.

संघ कुठला धरायचा हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात विचारला जाईल, आणि "मी तटस्थ" हे उत्तर इथं चालत नाही. राहता त्या भागाचा संघ धरणं सगळ्यांत सोपं. शिवाजी पेठेत खोली घेतली असेल तर शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा, रविवार पेठेत दिलबहार, जुन्या बुधवारात जुना बुधवार पेठ, उपनगरात असाल तर फुलेवाडी. जिंकणाऱ्या संघाचाच नाद असेल तर पाटाकडीलकडं बघा. गेल्या काही मोसमांत करंडकांवर त्यांचं नाव वारंवार लागलंय. प्रॅक्टिस क्लब आणि बालगोपालचे समर्थक जुने आणि चिवट, हरल्यावरही पुढच्या सामन्याला हजर. एकदा संघ धरला की काही दिवसांनी तुमचा सामना असतोच, गॅलरीतली ठरावीक जागा होते, शेजारी ओळखीचे होतात. अनोळखी गावात माणसं जोडायला याहून बरा मार्ग मला माहीत नाही.

याच ईर्ष्येची दुसरी बाजू म्हणजे हुल्लडबाजी. पेठांच्या सामन्यात शिवीगाळ, बाटल्या, कधी मैदानात घुसणं, आणि मग पोलीस बंदोबस्त, केएसएची कारवाई. यात नुकसान खेळाचं होतं. चांगला चाललेला मोसम मूठभर माणसांमुळं विस्कटतो आणि लहान पोरांना घेऊन येणारा बाप पुढच्या वेळी घरीच थांबतो. म्हणून कुटुंबासह जाणार असाल तर लीगमधला मध्यम ताकदीच्या संघांचा सामना निवडा. गर्दी बेताची, खेळ चांगला, पोरांना पळायला जागा. दोन बड्या संघांची उपांत्य किंवा अंतिम लढत मित्रांबरोबर बघा, आणि समर्थकांच्या घोळक्यापासून हातभर लांब बसा. कुस्तीच्या मैदानात भांडणं तुलनेनं कमी, पैलवानाचा आणि वस्तादाचा दरारा असतो. पण बायकांची उपस्थिती तिथं अजून फार कमी आहे. जवळच्या वडणग्याच्या रेश्मा मानेनं राष्ट्रीय पातळीवर कुस्ती गाजवली, तर तिच्या गावाशेजारच्या आयाबहिणींना मैदानात सन्मानानं बसायची सोय हवीच हवी.

खर्चाचा विचार दोन्हीकडं फारसा करायला नको. फुटबॉलचं तिकीट खिशाला झेपणारं असतं, गावजत्रेची मैदानं बहुतेक विनातिकीट. खासबागेला लागून खाऊगल्ली आहे, तिथं भेळ खा. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतात, तो पेला कुस्ती बघून आल्यावर घ्यावा.

आणि जून ते सप्टेंबर या काळात आला असाल तर? स्टेडियमवर चिखल, खासबागेत पाणी, दोन्ही बंद. तेव्हा पहाटे उठा आणि गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत जा. आधी वस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, हौद्यात पाय ठेवू नका, फोटोसाठी विचारा. बाईमाणूस सोबत असेल तर आदल्या दिवशीच विचारून ठेवा, काही जुन्या तालमींत ती रीत नाही. भिंतीशी गप्प बसा. जोर-बैठका चालू असतात, माती फोडली जाते, मग लढती सुरू होतात आणि वस्ताद पायाच्या अंगठ्याची जागासुद्धा दुरुस्त करत असतात. तासाभराने पोरं थंडाई घोटायला बसली की निघा.