पणजोबांच्या भावाचे पदक आणि 'लंडनचे रेकॉर्ड'

आमचे घराणे मूळचे सावंतवाडी संस्थानातले, पुढे पेडण्यात येऊन स्थिरावलेले. पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये, बसऱ्याकडे गेले आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मेले, एवढेच घरात माहीत होते. त्यांच्या दोन वस्तू होत्या. एक चांदीचे पदक आणि एक ताटलीएवढी काशाची थाळी. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी अशी थाळी पाठवत. तिच्यावर ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया, सिंह आणि माणसाचे नुसते नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. शिपाई असो की कर्नल, थाळी एकच. खंडेनवमीला काकू दोन्ही वस्तू पूजेला मांडायच्या.

म्हापशात ऑफिस थाटलेला एक जण 'पूर्वजांचे लष्करी रेकॉर्ड काढून देतो' म्हणून थोरल्या काकांना भेटला. बोलायला अतिशय अदबशीर. "काका, तुमच्या घरात हुतात्मा आहे आणि सरकारदरबारी त्याची नोंदच नाही, हे बरं दिसतं का?" असा त्याचा सूर. ऐंशी वर्षांच्या माणसाला हे लागणारच. लंडनहून पूर्ण सेवापुस्तक आणायचे म्हणून आधी 15,000 रुपये घेतले. मग फोन आला की विधवेची पेन्शन कधी उचललीच गेली नाही, व्याजासकट मोठी रक्कम निघते, 'प्रोसेसिंग'चे 32,000 भरा. आणि कडेवरची अक्षरे तपासायला पदक लागेल.

पदक महिन्याभराने मखमली डबीत परत आले, लखलखीत. काकूंनी हातात घेऊन अंगठा कडेवरून फिरवला आणि म्हणाल्या, "हें आमचें न्हय." आमच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि '117 महरट्टाज' असे ठसवलेले होते, बोटाला लागायचे. याची कड गुळगुळीत. युद्धानंतर दिलेल्या या पदकांची खरी ओळख कडेवरच असते, आणि नाव असलेल्या पदकाला संग्राहकांच्या बाजारात चांगला भाव येतो. त्या माणसाचा डोळा पहिल्यापासून पदकावरच होता, असे मला आता पक्के वाटते. 'रेकॉर्ड' हे निमित्त.

सोबत फ्रेम केलेले प्रमाणपत्र होते. लाल लाखेचा शिक्का, वर कुण्या भलत्याच शिपायाचा फोटो, आणि मजकूर असा की हे गृहस्थ 1916 मध्ये '5 व्या मराठा लाइट इन्फंट्री'त होते. या नावाची रेजिमेंट तेव्हा नव्हतीच. त्या वेळी 103, 105, 110, 114, 116, 117 अशा क्रमांकांच्या वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या. 1922 च्या पुनर्रचनेत त्या एकत्र येऊन 5 वी रेजिमेंट झाली. 117 वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कूतमध्ये अडकली होती. डिसेंबर 1915 मध्ये वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला तिथल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. आमच्या पदकाच्या कडेवर जे होते तेच खरे होते, आणि तेच आम्ही गमावले.

हिंदी शिपायांची सेवापुस्तके लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात नाहीत. तेव्हा साध्या शिपायाची 'संपूर्ण फाइल' आणून देतो म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. जे मिळते ते थोडे असते, पण फुकट असते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मेलेल्यांची नोंद कोणीही शोधू शकतो, पैसे पडत नाहीत. काही नोंदींत बापाचे नाव आणि गावही असते. इंग्रजी स्पेलिंग वेडेवाकडे असते, म्हणून दोन-चार प्रकारे शोधावे. आमची नोंद तिथेच सापडली, बसरा स्मारकाखाली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या 40,000 हून अधिक जणांचे हे स्मारक आहे. काकांना ती छापून दिली तेव्हा ते बराच वेळ वाचत बसले.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका घरालाही याच माणसाने गाठल्याचे नंतर कळले. त्यांचा पूर्वज 1895 च्या बंडातला. मोझांबिकला जायला नकार देऊन उठलेले ते मराठा शिपाई पोर्तुगीज सैन्यातले होते, सत्तरीचे दादा राणे त्यांना येऊन मिळाले. त्यांचे कागद असलेच तर पणजीच्या पुराभिलेखात किंवा लिस्बनला असणार. त्या घरालाही 'लंडनचे रेकॉर्ड' विकायला काढले होते! पूर्वज कोणत्या सरकारच्या फौजेत होता, एवढा एक प्रश्न विचारला तरी असल्यांची बोबडी वळते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकलेली असते. मूळ पदक, थाळी, पत्र तपासणीसाठी कुणाच्याही हाती देऊ नका. कडेचा आणि मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, काम तेवढ्यावर भागते.

ऑफिसला आता कुलूप आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे, पदक मिळालेले नाही. चांदीचे, काळवंडलेले, पाचव्या जॉर्जच्या गालावर आडवा चरा, रिबन नाही, कडेवर '117 महरट्टाज'. असे पदक कुणी विकायला आणले तर कृपया घेऊ नका, पोलिसांना कळवा.