घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर सेवा : आईच्या वहीतले दोन रकाने

आईच्या शेवटच्या अकरा आठवड्यांत एक पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणारी, टीम आमच्या घरी यायची. डॉक्टर आठवड्यातून एकदा, सिस्टर दोनदा आणि गरज पडेल तेव्हा समुपदेशक. संस्थेचं नाव मी देत नाही. अशी सेवा येणाऱ्या माणसांवर अवलंबून असते, त्यामुळे नावापेक्षा त्यांनी काय केलं हे वाचणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडेल.

आई गणिताची शिक्षिका होती. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. हॉस्पिटलमधून निघताना आम्हाला सांगितलं गेलं, "आता करण्यासारखं काही उरलेलं नाही." हे वाक्य मनात घेऊन आम्ही तीन आठवडे काढले आणि आई ते तीन आठवडे कण्हत राहिली. करण्यासारखं खरं तर खूप होतं.

पहिल्याच भेटीत सिस्टरनी विचारलं, "आजी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" आई ओठ आवळून म्हणाली, "दहा म्हणजे किती, ते आधी ठरवा." सिस्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आई शिकवायची हे कळल्यावर म्हणाल्या, "तुमचं दहा तुम्हीच ठरवायचं, बाई." मग आईने ठरवलं : दहा म्हणजे मणका खचला ती रात्र, शून्य म्हणजे डाव्या कुशीवर लागलेली सलग झोप. त्या दिवशीचा आकडा नऊ होता. तिने मला चौकटीची वही आणायला लावली आणि त्या दिवसापासून ती रोज आकडे मांडू लागली.

मॉर्फिनचं नाव निघताच माझा भाऊ उठून उभा राहिला. व्यसन लागेल, श्वास बंद पडेल, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी त्याच्यासाठी पाऊण तास दिला. वेदनेच्या मानाने, थोड्या डोसपासून वाढवत नेलं आणि नीट लक्ष ठेवलं की ही भीती खरी ठरण्याची शक्यता फार कमी असते, हे त्यांनी समजावलं. गोळी दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. मधेच कळ आली तर जादा डोस वेगळा. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मळमळ आणि गुंगी चार-सहा दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच. पायात विजेसारखी कळ जायची, तिच्यासाठी नसांचं औषध निराळं. तोंडावाटे, घड्याळाबरहुकूम आणि पायरीपायरीने, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच मांडली आहे. आमच्यापर्यंत ती आईच्या पाठीतून पोचावी लागली याचा मला अजून राग येतो.

चौथ्या दिवशी वहीत तीन हा आकडा आला. मी तो कितीतरी वेळ बघत बसले होते.

नवव्या दिवशी सिस्टर वही चाळत होत्या. "बाई, हा दुसरा रकाना कसला?" आईने तो कधी आखला, मलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "पहिला दुखण्याचा. दुसरा दुःखाचा." त्या दिवशी पहिल्यात दोन होते आणि दुसऱ्यात नऊ.

या सेवेचं मोल मला त्या क्षणी कळलं. दुखणं दोनवर आलं म्हणजे काम झालं, असं म्हणून त्या उठल्या नाहीत. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, हे त्यांनी 'टोटल पेन' या शब्दांत मांडलं. सिस्टरनी हे मला दारात चपला घालता घालता सांगितलं आणि पुढच्या भेटीला समुपदेशकांना घेऊन आल्या.

भेटायला येणाऱ्या माणसांकडे अर्थ तयार असायचा. "भोग आहेत, भोगून संपवायचे." "देव आपल्याच माणसांची परीक्षा बघतो." "दुःखाने माणूस शुद्ध होतो." माया असायची त्यांच्या बोलण्यात, हे मला दिसत होतं. पण संध्याकाळी वही उघडली की दुसरा रकाना चढलेला असायचा. आजाराचं ओझं होतंच, त्यावर आता हिशेब चुकवल्याचाही ठपका. टीमबरोबर आलेल्या एका स्वयंसेवकानेही मागच्या जन्माची गोष्ट काढली. मी तक्रार केली. तो पुन्हा आला नाही, पण त्या दिवसाचे आठ काही पुसले गेले नाहीत.

एकदा आईने डॉक्टरांनाच विचारलं, "याला काही अर्थ आहे का हो?" ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. आज सगळ्यात जास्त काय बोचतंय?" ती बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही माझे कपडे बदलते. मी कुणाचं देणं ठेवलं नव्हतं आजवर." मी खोलीतच होते. तिला पाठ दुखते म्हणून रडू येतं, असं मी समजत होते. त्यानंतर समुपदेशक आम्हा दोघींसमोर तासभर बसल्या. त्या फार बोलल्या नाहीत. मीच आईला सांगितलं की तिला आंघोळ घालताना मला तिचा हात पहिल्यांदा नीट बघायला मिळाला, खडूने खरबरीत झालेली बोटं आणि सगळं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रकान्यात पाच होते.

मग टीमच्या ड्रायव्हरची मुलगी दोन दुपारी आमच्याकडे आली. तिला अपूर्णांक येत नव्हते, एवढं आईच्या कानावर गेलं होतं. दुसऱ्या दुपारी कळ वाढली, तरी आईने जादा गोळी शिकवणं संपेपर्यंत घेतली नाही. वहीत त्या दिवशी पाच आणि एक आहेत. मी विचारलं, तर म्हणाली, "अर्थबिर्थ काही सापडला नाही गं. पण तो तास माझा होता."

या वहीतली एक गोष्ट मला सगळ्यांना सांगायची आहे. पहिल्या रकान्यात सातच्या वर आकडा आहे, तिथे दुसरा रकाना रिकामा आहे. सगळीकडे. मी कारण विचारलं होतं. "तेव्हा मी नसतेच. नुसती पाठ असते." १९८२ मध्ये एरिक कॅसेल या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की वेदना शरीराला होत असेल, दुःख मात्र माणसाला होतं, आपण अख्खे उरणार नाही असं वाटतं तेव्हा होतं. आईने त्यांचं काही वाचलेलं नव्हतं. कण्हणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून जे दुःखाचा अर्थ सांगतात, त्यांनी आधी त्याचं औषध वेळेवर मिळतंय का ते बघावं. अर्थ असेल किंवा नसेल, तो शोधायला माणूस तर जागेवर हवा.

उणिवाही आहेत. रात्रीचा फोन एकदा चाळीस मिनिटं कुणी उचलला नाही, आणि ती नऊची रात्र होती. नंतर त्यांनी दुसरा नंबर दिला, तो शेवटपर्यंत लागला. डॉक्टर बदलून आले त्या आठवड्यात सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.

आणि आम्ही उशीर केला, हा दोष त्यांचा नाही. ही सेवा शेवटच्या दिवसांसाठीच असते असा समज आहे. अमेरिकेत पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे दिवस बरे गेले, उदासी कमी राहिली आणि ते सरासरी जास्त जगलेही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर "काही उरलं नाही" हे ऐकायची वाट बघू नका. आजच्या उपचारांबरोबरच विचारा.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून नोंद केली, माझी सही घेतली, मग अर्धा तास नुसत्या बसल्या. वही माझ्याकडेच आहे. शेवटच्या पाच दिवसांचे आकडे माझ्या अक्षरात आहेत, कारण तिला पेन धरवत नव्हतं. ती बोटं दाखवायची आणि मी लिहायचे. शेवटच्या दिवशी पहिल्या रकान्यासाठी तिने दोन बोटं वर केली. दुसऱ्यासाठी मूठ मिटलेली ठेवली. मी शून्य लिहिलं, पेन्सिलने.