गाडी ऑइल खाते म्हणून सील मऊ करणारं अ‍ॅडिटिव्ह वापरलं: मे ते जानेवारीचा अनुभव

आधी निकाल सांगते. इंजिन ऑइलमध्ये मिसळायच्या या औषधाच्या बाटलीने माझ्या गाडीचा ऑइलचा खप साधारण निम्म्यावर आला. थांबला मात्र नाही. आणि निम्म्यावर आला तो केवळ माझ्या गाडीचं ऑइल व्हॉल्व्ह सीलमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीच्या रबरी कड्यांमधून, खाली उतरत होतं म्हणून. हेच अ‍ॅडिटिव्ह माझ्या भावाने त्याच्या गाडीत घातलं, तर एका थेंबाचाही फरक पडला नाही. दोन्ही गाड्यांचं सविस्तर लिहिते, कारण दुकानात उभं राहून बाटलीवरचा मजकूर वाचताना हा फरक कुणी सांगत नाही.

माझी गाडी 2010 ची, एमएच-43 पासिंगची पेट्रोल हॅचबॅक. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. रोजचं चालणं सानपाडा ते ऐरोली, ठाणे-बेलापूर रस्त्याने, आणि वर्षातून काही वेळा चिपळूणजवळच्या गावी. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी आणखी 5 वर्षांसाठी वाढवून घेतली. नुसती सरकारी फीच 5,000 रुपये, वर पर्यावरण कर वेगळा. एवढं करून गाडी ठेवायची ठरवली, तर तिच्या इंजिनाची नीट काळजी घ्यायलाच हवी होती.

हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जात होतं. काही युरोपीय कंपन्या आपल्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर काही चक्क एक लिटरही चालण्याजोगं धरतात. पण छोट्या इंजिनात एकूण ऑइलच तीन लिटरच्या आसपास असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं की उरलेल्या ऑइलवर सगळा भार येतो, ते लवकर तापतं, लवकर खराब होतं. डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास अंतर असतं, म्हणजे दोन हजार किलोमीटर बॉनेट उघडलं नाही तर लेव्हल खालच्या खुणेला.

माझ्या गाडीचं ऑइल कुठून जातंय याचा पहिला सुगावा परशुराम घाटात लागला. आम्ही पुढे, भाऊ मागे त्याच्या गाडीत. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली होती, खाली येऊन ॲक्सिलरेटर दिला तसा सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. भावाने लगेच फोन करून सांगितलं. घाट चढताना मात्र धूर नव्हता. रोज सकाळी पहिल्या स्टार्टलाही थोडा निळसर धूर दिसायचा आणि मिनिटभरात जायचा. ही दोन्ही लक्षणं व्हॉल्व्ह सीलची. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, ओढ वाढते आणि कडक झालेल्या सीलच्या फटीतून ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली खेचलं जातं. रात्रभर गाडी उभी असताना तेच ऑइल हळूहळू पाझरतं आणि सकाळी जळतं. पिस्टनभोवतीच्या रिंग झिजून गेलेल्या असतील तर धूर चढावर, जोर लावताना जास्त दिसतो, आणि तो थांबत नाही.

तुर्भ्याचे आमचे मिस्त्री बाटलीच्या विरोधात होते. म्हणाले, "ताई, आधी प्लग काढू, कॉम्प्रेशन बघू. औषध नंतर." त्यांचं हे ऐकलं ते फार बरं झालं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, जवळपास सारखं आणि चांगलं आलं. एका प्लगवर काळं ओलसर ऑइल होतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग झिरपत होतं, ते बदललं. पीसीव्ही व्हॉल्व्ह काजळीने इतका भरला होता की हलवला तरी आवाज येईना. हा छोटासा व्हॉल्व्ह इंजिनाच्या खालच्या चेंबरमधली वाफ इनटेकमध्ये नेतो. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. नवा काहीशे रुपयांत बसतो. एवढ्या कामावरच खप थोडा उतरला. म्हणून अ‍ॅडिटिव्हचा हिशोब मी त्यानंतर धरला आहे. हे सगळं एकाच दिवशी केलं असतं तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळलंच नसतं.

अ‍ॅडिटिव्ह मे महिन्यात, ऑइल बदलताना घातलं. बाटली 300 मिलीची, किंमत हजाराच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारच्या बाटल्या बऱ्याच कंपन्या काढतात आणि महत्त्वाचा आहे तो प्रकार. ही बाटली रबराच्या सीलना फुगवून पुन्हा मऊ करणारी आहे. उष्णतेने रबरातला मऊपणा वर्षानुवर्षं निघून जातो, सील आक्रसतात, कडक होतात. यातलं द्रव्य त्यांच्यात मुरतं. लेव्हल धरताना त्या 300 मिलीचाही हिशोब धरावा लागतो. तीन लिटर ऑइल अधिक बाटली असं ओतलं तर लेव्हल वरच्या खुणेच्या पलीकडे जाते आणि फिरणारा क्रँक ऑइलला फेस आणतो. ऑइलचा ग्रेड (जाडी) मी मुद्दाम तोच ठेवला. जाड ऑइलनेही खप कमी दिसतो आणि मग बाटलीचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

पहिले काही आठवडे काहीच नाही. रबर एका दिवसात मऊ होत नाही, त्यामुळे पाचशे-सातशे किलोमीटरपर्यंत निकाल काढूच नये. त्यानंतर सकाळचा धूर पातळ होत गेला आणि जूनअखेर जवळजवळ दिसेनासा झाला.

पावसाळ्यातल्या मोजमापाबद्दल मात्र सावध करते. जुलै-ऑगस्टमध्ये डिपस्टिक हललीच नाही. कुणालाही वाटेल, खप थांबला. पण तेव्हा गाडी सानपाडा-वाशीतच, छोट्या छोट्या फेऱ्यांवर होती. अशा चालण्यात इंजिन पूर्ण तापत नाही, थोडं पेट्रोल आणि पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल जितकं जळतं तितकीच ही भर पडते आणि लेव्हल जिथल्या तिथे दिसते. अशा चालण्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधट मलई दिसली तर बहुधा हेच कारण असतं. गणपतीला गावी गेलो, तासन्‌तास गाडी तापून चालली, ते पाणी-पेट्रोल उडून गेलं आणि चिपळूणला पोचेपर्यंत लेव्हल चांगलीच खाली. खरा आकडा तो. म्हणून लांबच्या फेरीनंतर, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी घेतलेलं मापच मी आता धरते. त्या हिशोबाने खप हजार किलोमीटरला पाव लिटरच्या जवळ आला आहे आणि जानेवारीपर्यंत तिथेच टिकला आहे.

पीयूसीतही फरक दिसला. बीएस-4 पेट्रोल गाडीला हायड्रोकार्बनची मर्यादा 200 पीपीएम आहे. माझं रीडिंग दीडशेच्या वर असायचं, या वेळी शंभराच्या आत आलं. मध्ये प्लगही बदलले होते, त्यामुळे सगळं श्रेय बाटलीला देणार नाही. पण जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करत जातो आणि कन्व्हर्टर बदलणं हे इंजिनाच्या कामाइतकंच महागडं प्रकरण आहे. माझ्या दृष्टीने खप कमी होण्याचा सर्वात मोठा फायदा हाच.

आता भावाची गाडी. तो कासारवडवलीला राहतो, त्याची सेडान माझ्या गाडीपेक्षा दोनच वर्षं जुनी. माझा परिणाम ऐकून त्याने तीच बाटली घातली. गायमुखचा चढ लागला की मागे निळा पडदा, आधीही आणि नंतरही. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजलं, ते एका सिलिंडरला कमी आलं. मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर वाढलं. म्हणजे फट रिंग आणि बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) मधली. तिथे धातू झिजलेला आहे, रबर मऊ करून काय होणार? त्याला हाफ इंजिन कामाचा (इंजिन उघडून रिंग वगैरे बदलायच्या कामाचा) अंदाज चाळीस हजारांच्या घरात मिळाला. त्याने काम काढायचं ठरवलं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

मध्यंतरी त्याला कुणीतरी ऑइल घट्ट करणारी मधासारखी बाटली सुचवली होती. ती गाडी विकेपर्यंत धूर झाकण्यापुरती असते. थंड स्टार्टला वरच्या भागात ऑइल पोचायला त्याने उशीर होतो. माझा तिला स्पष्ट नकार आहे. सील मऊ करणारी बाटलीही मोटरसायकलमध्ये घालू नका. तिथे क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू शकतो.

परिणाम टिकवायचा तर प्रत्येक ऑइल बदलाला नवी बाटली लागते, कारण जुनी जुन्या ऑइलबरोबर निघून जाते. मी पुढच्या बदलाला पुन्हा घालणार नाही. मिस्त्रींनी हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून सील बदलता येतील असं सांगितलं आहे. काही हजारांचं काम आहे आणि कॉम्प्रेशन चांगलं असताना ते करणं परवडतं. यंदा होळीला गावी जाण्याआधी ते करून घेणार आहे. झाल्यावर चिपळूणला उतरून डिपस्टिक कुठे येते, तो आकडा इथेच लिहीन.