मे महिन्यात चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन: पाचगणी, महाबळेश्वर की माथेरान?

पुणं स्वतःच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जायचं ठरवताना हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवावा, असं मी मैत्रिणींना नेहमी सांगते. लोणावळा आहे सव्वासहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सिंहगड रोडवरच्या आमच्या घरापेक्षा जेमतेम साठ-सत्तर मीटर वर. पावसाळ्यात लोणावळ्याला तोड नाही, पण मेमध्ये तिथे जाऊन गारवा शोधू नका. माथेरान ८०० मीटर. भंडारदरा साडेसातशेच्या घरात. पाचगणी १,३०० आणि महाबळेश्वर त्याहूनही थोडं वर. तिथला विल्सन पॉइंट तर १,४३९ मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की तापमान ढोबळमानाने सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. हिशेब करा: पाचगणी-महाबळेश्वर पुण्यापेक्षा पाचेक अंशांनी थंड, आणि माथेरान नुसत्या उंचीच्या बळावर दीड अंशाने. माथेरानला जो गारवा लागतो तो तिथल्या झाडांचा. सावलीतून उघड्या पॉइंटवर आलात की ऊन लगेच टाळू भाजतं.

आमची दोन मुलं. मोठा सात वर्षांचा, धाकटी साडेतीन. ती आठ महिन्यांची असताना आम्ही पाचगणीला गेलो, पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांसह महाबळेश्वरला आणि गेल्या मेमध्ये माथेरानला. तिन्ही सहली झाल्यावर मी ठिकाण निवडताना आता एकच गोष्ट आधी बघते: दुपारी बारा ते चार मुलं कुठे असतील? सकाळ-संध्याकाळ सगळीकडेच छान जाते. घोडा, मका, सूर्यास्त यांत मुलं रमतातच. सहल बिघडते ती दुपारी, झोपेची वेळ टळून गेलेलं मूल गाडीत अडकलं की.

रस्ता

पाचगणी पुण्याहून शंभरेक किलोमीटर. शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्याला आत वळायचं, मग वाई आणि पसरणी घाट. पहाटे साडेपाचला निघालात तर नऊच्या आत पोहोचता. पहिल्या खेपेला मी वाईच्या बाजारात मुलाला दोन केळी आणि वर ग्लासभर दूध दिलं. पसरणीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तो हळूच म्हणाला, "आई, माझ्या पोटात गोल गोल होतंय." पिशवी काढेपर्यंत उशीर झाला होता. त्याचा शर्ट, सीट आणि बाळाचं दुपटं एकदमच खराब झालं. तेव्हापासून आमचं खाणं शिरवळला उरकतं, तेही कोरडं आणि थोडं: इडली किंवा नुसता पाव. वाईनंतर मोबाइल बंद, काचा अर्ध्या खाली, आणि मोठ्याने समोरच्या काचेतून रस्ता बघायचा. आल्याची वडी त्याच्या खिशात असते. ज्या मुलाला नेहमीच गाडी लागते त्याचं औषध डॉक्टरांना आधी विचारून, वजनाप्रमाणे घ्या. शेजारच्यांच्या सांगण्यावरून घेऊ नका.

महाबळेश्वरला जायचं तर याच रस्त्याने आणखी अठरा-वीस किलोमीटर. अंतर किरकोळ आहे, पण मेमधल्या शनिवार-रविवारी वेण्णा तलावाच्या आधीपासून गाड्यांची जी रांग लागते ती किरकोळ नसते. आम्ही तिथे भर दुपारी तासापेक्षा जास्त वेळ उभे होतो. धाकटीची झोपेची वेळ, एसी लावला तर गाडी गरम व्हायची भीती, आणि मागे सासूबाई पदराने तिला वारा घालतायत. त्यामुळे महाबळेश्वर ठरवलंत तर सोमवारी जा आणि गुरुवारी परत या, ही माझी पोटतिडकीची विनंती आहे. रविवारी जाऊच नका.

माथेरानचा प्रवास वेगळ्या जातीचा. गाडीने गेलात तर खोपोली-कर्जतमार्गे नेरळ, तिथून घाट चढून दस्तुरी नाका. गाडी तिथेच लावायची. पुढे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंतच्या शटलने. २०२२च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही प्रायोगिक तत्त्वावर आल्या, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून सामान भरू नका. ट्रेननेही जाता येतं: कर्जतला थांबणारी गाडी, तिथून लोकलने नेरळ. नेरळपासूनची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटरची चढण, वळणं मोजताना मुलं थकतात. पण वर पोहोचायला दोन तासांहून जास्त लागतात. पाच वर्षांच्या पुढचं मूल खिडकीत बसून हे दोन तास जन्मभर लक्षात ठेवेल. तीन वर्षांचं मूल अर्ध्या तासाने कंटाळतं, आणि डब्यात उठून फिरायला जागा नसते. आम्ही शटल घेतली. दोघांनाही तेवढी आगगाडी पुरली.

पोहोचल्यावर

माथेरानचं खरं वैभव असं की तिथे मोटार नाही. हे वाचायला साधं वाटतं. पण पुण्यात मुलाचं मनगट घट्ट धरून रस्ता ओलांडणाऱ्या आईला विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारापासून शार्लोट तलावाकडे जाताना मी चालता चालता धाकटीचा हात सोडला, आणि ती बरीच पुढे धावत गेली. मागून हॉर्न नाही, कोणी दचकून ओरडलं नाही. लाल मातीत ती फतकल मारून बसली आणि काडीने रेघा ओढत राहिली. आम्ही दोघं एका मुळावर बसून राहिलो. पाऊण तास गेला असेल. मला त्या सहलीतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

तीच लाल माती मात्र सगळीकडे जाते. पांढरे मोजे पहिल्या तासात विटकरी झाले आणि पुण्याला येऊन तीनदा धुतले तरी तसेच राहिले. घोड्यांची ये-जा असल्यामुळे धूळ उडते, तिच्यात लीदही असते. मुलाला दम्याचा किंवा धुळीचा त्रास असेल तर मेमध्ये माथेरान नको, इतकं स्पष्ट सांगते. माकडांचंही लक्षात ठेवा. आमच्या मोठ्याच्या हातातला बिस्किटचा पुडा माकडाने इतक्या सफाईने काढून घेतला की तो रडायचंही विसरला. आणि पॉइंटांवर सगळीकडे मुलांच्या उंचीचे कठडे नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन दरीच्या काठावर जायचंच कशाला? तलाव, बाग, बाजार आणि झाडाखालच्या वाटा भरपूर आहेत.

पाचगणीत दुपारचं गणित सगळ्यात सोपं सुटतं. गाव आटोपशीर आहे. कुठूनही मुक्कामी परतायला गाडीने दहा मिनिटं पुरतात, त्यामुळे सकाळी साडेसातला टेबल लँड, अकराला खोलीवर, जेवण, झोप, आणि साडेचारला पुन्हा बाहेर, हे वेळापत्रक खरोखर पाळता येतं. टेबल लँडवर सकाळी लवकरच जा. जांभ्या दगडाचं ते विस्तीर्ण पठार दहानंतर तव्यासारखं तापतं आणि वर सावली नाही. सकाळी मात्र मुलांना धावायला त्याच्यासारखी जागा नाही. फक्त कडेपासून लांब ठेवा. पारसी पॉइंट आणि सिडनी पॉइंटवरून कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसतं, आणि तिथे फार चालावंही लागत नाही. मधल्या रस्त्यांना जुन्या सिल्व्हर ओकांची सावली आहे. निवासी शाळांना सुट्टी असल्याने मेमध्ये काही रस्ते एकदम शांत असतात.

भिलारबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आमच्या मोठ्याला त्या सगळ्या सहलीत तेच आवडलं. पाचगणीपासून जवळच आहे. स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं: गावकऱ्यांच्या घरांतून, ओसरीवर, देवळात विषयवार पुस्तकांची कपाटं आहेत. कोणत्याही घरात जायचं, पुस्तक काढायचं, बसायचं. बालसाहित्याचंही दालन आहे. आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, वाचता येत नव्हतं. तो चित्रांचं एक पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसला आणि त्या घरातल्या आजींनी त्याच्याजवळ बसून अख्खी गोष्ट वाचून दाखवली, मध्येच उठून त्याला पाणी आणून दिलं. भर दुपारी, आत, सावलीत, फुकट. लहान मुलांसाठी अशी दुपारची जागा मी दुसरीकडे बघितली नाही.

महाबळेश्वरला बघण्यासारखं तिघांत सगळ्यात जास्त आहे आणि लहान मुलांसाठी तीच त्याची अडचण आहे. आर्थर सीट एका टोकाला, प्रतापगड घाट उतरून चोवीसेक किलोमीटर खाली, बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्ताला गाडी लावायला जागा नाही. लिंगमळ्याच्या धबधब्याला मेमध्ये पाणी नावालाच असतं, तरी यादीत आहे म्हणून माणसं मुलांना उन्हातून खाली नेतात. दिवसाला एकच गोष्ट ठरवलीत तर मात्र महाबळेश्वर सुंदर आहे. जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या दाट रानात मेमध्येही सकाळी अंगावर पातळ स्वेटर लागतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर आहेच. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. आमच्या सासऱ्यांनी नातवाला गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली ओंजळ धरायला लावली आणि नद्यांची नावं म्हणून घेतली. तो अजून ती म्हणतो, सावित्री विसरून.

मुक्काम, खाणं, दवाखाना

मुक्कामाच्या बाबतीत मी एकदा चांगलीच फसले. महाबळेश्वरला एका हॉटेलात 'दरी दिसणारी खोली' घेतली. दरी दिसत होती, पण खोली गाडीतळापासून ब्याऐंशी पायऱ्या खाली होती. सासऱ्यांचे गुडघे दुखरे, माझ्या कडेवर मूल. दिवसातून तीनदा त्या पायऱ्या. आता फोनवर चारच गोष्टी विचारते: गाडीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, गॅलरीला कठडा किती उंच, रात्री दूध गरम करून मिळेल का, आणि खोली पश्चिमेला तोंड करून आहे का. पश्चिमेची खोली संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते. माथेरानला आणखी एक प्रश्न: बाजारापासून चालत किती वेळ? तिथे प्रत्येक बॅग कोणीतरी पाठीवर, डोक्यावर किंवा घोड्यावर नेणार असतं, आणि त्याचे पैसे योग्यच द्यावेत. सामान मात्र कमी न्या.

वर सगळं डोंगर चढून येत असल्यामुळे माथेरानला दूध, डायपर, बाळाचं खाणं महाग पडतं आणि हवं ते मिळेलच असं नाही. लागतं ते घरूनच न्या. पाचगणी-महाबळेश्वरला ही चिंता नाही. साधा वरण-भात तिन्ही ठिकाणी मिळतो. तिखट नको हे दोनदा सांगा. मी तरीही डब्यात भाजलेल्या तांदूळ-मुगाची भरड नेते. गरम पाणी मिळालं की दहा मिनिटांत मऊ खिमट. स्ट्रॉबेरीची आशा मुलांना दाखवू नका, मेमध्ये हंगाम सरत आलेला असतो. त्याऐवजी तुती, करवंदं, जांभळं मिळतात, ती धुऊन द्या. महाबळेश्वरचा मध जरूर घ्या, पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटावर चाटवूसुद्धा नका.

आजारपणाचा विचार करायचा तर पाचगणी पुढे आहे. गावातच बेल एअर रुग्णालय, आणि बाराएक किलोमीटर खाली वाई. महाबळेश्वरलाही सोय आहे. माथेरानला छोटा दवाखाना आहे, पण रात्री ताप चढला आणि खाली न्यायची वेळ आली तर आधी दस्तुरीपर्यंतचं अंतर कापावं लागतं.

भंडारदऱ्याचं अनेक जण विचारतात, काजव्यांमुळे. मेच्या अखेरीपासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत तिथे झाडंच्या झाडं लुकलुकतात, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाने हे एकदा बघायलाच हवं. पण दिवसा तिथे चांगलंच उकडतं, पुण्याहून अंतर दीडशेच्या वर, आणि काजवे बघायला रात्री मुलांना जागं ठेवावं लागतं. पाचच्या आतल्या मुलांना घेऊन मी जाणार नाही.

तर बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, तर पाचगणी. दुसरा विचार करू नका. आजी-आजोबा बरोबर आणि तीन-चार रात्री हातात असतील, तर महाबळेश्वर, मधल्या वारी. मुलं चारच्या पुढची, चालणारी, धुळीचा त्रास नसलेली असतील, तर माथेरान, दोन रात्री.

आम्ही यंदा पुन्हा पाचगणीलाच जातोय. मंगळवार ते शुक्रवार, तळमजल्याची, पूर्वेकडची खोली. एक दुपार भिलारची राखून ठेवलीये. मोठा आता वाचतो. या वेळी धाकटीला गोष्ट तो वाचून दाखवणार आहे म्हणे, आणि त्या आजी अजून तिथेच असतील का, हे त्याने या आठवड्यात मला तीनदा विचारलंय.